वर टाकी, खाली माग

शाळा सुटल्यावर शुक्रवार पेठेतल्या आमच्या गल्लीच्या तोंडाशी आले, तेव्हा मागाचा आवाज ऐकू आला नाही. दिवस कामाचा होता. सण नव्हता, अमावास्या नव्हती. आमचे घरमालक नरसय्या यांचा हातमाग अशा दिवशी दिवेलागणीपर्यंत चालतो आणि त्याची खटखट गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत येते. मी हातातली पिशवी दुसऱ्या हातात घेतली. चालण्याचा वेग वाढवला नाही, हे मला नीट आठवते. घाई करून काही बदलणार नव्हते. दाराशी नरसय्यांच्या पत्नी राजम्मा तोंडाला पदर लावून उभ्या होत्या. नरसय्या मागाच्या खड्ड्यात पाय सोडून तसेच बसले होते, हातात धोटा होता. "वरचा खोकला थांबला म्हणून बघायला गेलो, बाई," ते म्हणाले. "मग परत माग चालवायला हात झाला न्हाय."

माझे थोरले बंधू नाना असे गेले. त्याला आता दीड महिना होत आला. मला याद्या करायची सवय आहे. शाळेत, घरात, बाजारात माझे यादीवाचून चालत नाही. दहाव्या-बाराव्याच्या सामानाची यादीही मी त्याच संध्याकाळी केली आणि तिच्यात काही राहिले नाही. नाना असते तर म्हणाले असते, "गोदे, माझ्या मरणात पण तू कायसुदिक इसरली न्हाईस." नाना तरुणपणापासून सोलापुरात राहिले, पण बोलणे शेवटपर्यंत आमच्या कुंभारी गावचे. मला मात्र त्यांनी शाळेत घालून शहराचे बोलायला लावले. माझे यजमान तापाच्या साथीत गेले तेव्हा मी फार लहान होते. नानांनी मला परत आणले, शिकवले, मास्तरीण केले. लोक काय म्हणतील, हा प्रश्न त्यांनी कुणाला दारात विचारू दिला नाही. स्वतःचे लग्न मात्र राहून गेले. का राहिले ते मी विचारले नाही, त्यांनी सांगितले नाही.

नाना गिरणीत होते. कापूस पिंजतात त्या खात्यात. तिथे हवेत सतत कापसाचा भुगा असतो, माणूस बाहेर आला की भुवया पांढऱ्या. पुढे त्यांना दम लागू लागला. आधी गिरणीच्या फाटकापर्यंत, मग गल्लीच्या तोंडापर्यंत, मग आमच्या जिन्याच्या पायऱ्यांवर. जिना लाकडी, उभा, धरायला नुसता दोर. एका उन्हाळ्यात ते नोकरी सोडून वर आले ते आलेच. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले की यांना हलवू नका, धुळीत नेऊ नका, जिना तर नकोच. त्या दिवसापासून त्यांचे जग म्हणजे माडीवरची ती एक खोली, एक खिडकी आणि समोरच्या घराची भिंत. माझे जग त्याहून थोडे मोठे होते, शाळेपर्यंतचे. पण घंटा झाली की पाय घराकडेच वळायचे, दुसरीकडे कुठे वळवायची सोय नव्हती. मध्यंतरी मोहोळच्या शाळेवर मुख्य बाई म्हणून जाण्याबद्दल मला विचारले गेले. मी त्याच दिवशी नकाराचे उत्तर धाडले. नानांना कळवले नाही. त्यांना ते कुठून तरी कळलेच.

माशांची टाकी खात्यातल्या मंडळींनी आणली. गिरणीतला एक गोरा साहेब विलायतेला परत चालला होता, त्याच्या बंगल्यातले सामान विकायला काढले होते. बसून राहणाऱ्या माणसाला बघायला काहीतरी हवे, असे मंडळींना वाटले आणि त्यांनी हातगाडीवरून ते टाकीचे धूड आणले. लोखंडी चौकट, चार बाजूंना काचा, तळाला जाड फरशी. बरोबर दोन तांबडे मासे. नानांनी त्यांची नावे मोठे साहेब आणि धाकटे साहेब अशी ठेवली. मोठे साहेब नुसते फिरायचे, धाकटे त्यांच्या मागे मागे. "हितं पण तेच हाय," नाना म्हणायचे. मंडळींनी साहेबाच्या खानसाम्याने सांगितलेल्या दोन गोष्टी आम्हाला सांगितल्या. काचा शेंदूर आणि तेलाच्या लांबीने, म्हणजे फटी बुजवायच्या लुकणाने, बसवल्या आहेत, आणि टाकी कधी रिकामी ठेवायची नाही. रिकामी राहिली की लांबी सुकते, तडकते, मग पाणी धरत नाही.

दोन-तीन वर्षे टाकी सुरळीत चालली. एक दिवस दुपारी नानांना मोठी उबळ आली, हातातला तांब्या सुटला आणि समोरच्या काचेवर बसला. मी शाळेत होते. आले तेव्हा साहेब दोघे पाण्याच्या घागरीत होते, नाना भिंतीला टेकून पांढरेफटक, आणि टाकीतले सगळे पाणी फळ्यांच्या फटींतून खाली उतरलेले. खाली म्हणजे नरसय्यांच्या मागावर. अर्धे विणून झालेले लुगडे ताणलेले होते. काठाचा तांबडा रंग अंगात उतरला. नरसय्या वर आले. ते चढ्या आवाजात बोलले असते तर मला सोपे गेले असते. पण ते जिन्याच्या तोंडाशीच बसले आणि हळू बोलले. "नाना, तुम्ही माणूस चांगले. भाडं चुकत न्हाय. पण माझं पोट खाली हाय की. परत एकदा पाणी आलं तर मला माडी मोकळी करून पायजे." त्यांच्या बोलण्यात खोट नव्हती. माझ्या डोळ्यांपुढे तो जिना आला, आणि त्या जिन्यावरून खाटेसकट उतरवलेले नाना.

माझे मत मी लगेच सांगितले. मासे विहिरीत सोडावे, टाकी भंगारात द्यावी, विषय संपला. नाना एरवी माझे ऐकायचे. या वेळी म्हणाले, "टाकी ऱ्हाणार. मी दुरुस्त करतो." मी त्यांना म्हटले की फुटकी टाकी आणि राहते घर यांत कुठले निवडायचे हे शाळेतले पोरही सांगेल. ते खिडकीबाहेरच्या भिंतीकडे बघत राहिले... "तू काच आण," एवढेच बोलले. जो माणूस उठून दारापर्यंत जाऊ शकत नाही, त्याच्याजवळ आहे ते एकुलते एक काढून घ्यायचे माझ्याच्याने झाले नाही. मी माप घेतले, यादी केली आणि तसबिरी करणाऱ्याकडून काच कापून आणली.

चूक झाली ती तेलात. शेंदूर आणि तेल म्हटले की कुंभारीच्या माणसाला मारुतीच दिसतो. लहानपणी नाना दर शनिवारी आजोबांबरोबर देवळात जाऊन मूर्तीला शेंदूर लावायचे, त्यामुळे हे काम आपले, अशी त्यांची खात्रीच होती. तिळाचे तेल घेतले, ताटात शेंदूर कालवला, खडूची पूड घातली आणि खाटेवर बसून, दम खात खात, सगळी चौकट भरली. दिसायला सुरेख झाले. मारुतीच्या अंगावरचा शेंदूर कधी वाळत नाही हे आम्हा दोघांनाही ठाऊक होते. जन्मभर त्याला बोट लावून तेच बोट कपाळाला टेकवले होते. पण त्या वेळी दोघांपैकी कुणालाही ते सुचले नाही. पाणी भरले. काही दिवस राहिले. मग सोलापूरचा उन्हाळा लागला, माडीवरचा पत्रा तापला, आणि एका सकाळी काचेवर तांबडे ओघळ दिसले. टाकीखाली ठेवलेल्या परातीत थेंब पडत होते. आज येत नाही, असा शाळेला निरोप मी गल्लीतल्या एका मुलीकरवी धाडला, दार आतून लावले आणि तांब्या-तांब्याने टाकी उपसली. खाली माग चालू होता. परातीत पडणाऱ्या थेंबांचा आवाज खाली जाऊ नये म्हणून नाना तिच्यात आपले धोतर धरून बसले होते, आणि खोकला दाबताना त्यांचा चेहरा निळा पडत होता. आम्ही दोघे आपल्याच खोलीत चोरासारखे वागत होतो. खाली खटखट, वर थेंब. मला एवढेच आठवते की त्या वेळी मला खिडकीसुद्धा उघडवेना.

नंतरचे कितीतरी दिवस नाना त्या उघड्या चौकटीकडे बघत पडून असायचे. मी एकदा स्वयंपाकात हात भाजून घेतला. भाजल्यावर लावायला घरात जवसाच्या तेलाची बाटली होती, चुन्याच्या निवळीत घालायला. तिचे बूच निघेना. तेल तोंडाशी सुकून डिंकासारखे घट्ट झाले होते. मी वैतागून बाटलीला नावे ठेवत होते. नाना खाटेवर उठून बसले. "गोदे, तिळाच्या बाटलीचं बूच कदी असं बसलंय का ग?" मी म्हटले, नाही. "मग मारुतीला तीळ, आन साहेबांना जवस," ते म्हणाले आणि हसले. पुष्कळ दिवसांनी हसले.

मग पुन्हा सगळे पहिल्यापासून. जुनी लांबी खरवडून काढली, काच सोड्याने धुतली, शाळेतले टाकाऊ खडूचे तुकडे मी कुटून वस्त्रगाळ केले. या वेळी नानांनी लांबी मळली ती भाकरीच्या पिठासारखी, हाताला चिकटेनाशी होईपर्यंत. मळताना मध्ये मध्ये थांबायचे, डोळे मिटायचे, पुन्हा मळायचे. मी हात पुढे केला की म्हणायचे, "तू यादी लिही." चौकट भरून झाल्यावर वाट बघणे आले. मी रोज शाळेला जाताना नखाने दाबून बघायची. नखाची खूण उमटेनाशी झाली तेव्हा उन्हाळा सरत आला होता. साहेब तोपर्यंत घंगाळात, वर ओले फडके. मोठे साहेब त्या उन्हाळ्यात गेले. धाकटे टिकले.

पाणी भरण्याच्या दिवशी नरसय्यांना सगळे खरे सांगायचे, असे नानांनी ठरवले. मी जाऊन सांगितले. तिळाच्या तेलाची, लपवलेली गळतीही सांगितली. नरसय्यांनी सगळे ऐकून घेतले. मग त्यांनी मागावर घोंगडी पसरली, स्वतः खाली फरशीवर बसले आणि मान वर करून तक्तपोशीकडे बघत म्हणाले, "घाला." मी थोडे पाणी घालायची, थांबायची आणि फळ्यांशी वाकून विचारायची, आले का. खालून उत्तर यायचे, "न्हाय आलं." पुन्हा घालायची. राजम्मा तेलुगूत त्यांना काही तरी म्हणाल्या आणि दोघे हसले. नंतर कळले की, लग्नातसुद्धा यांनी इतकी मान वर केली नव्हती, असे त्या म्हणाल्या. नाना खाटेच्या कडेला बसून काचेच्या कोपऱ्यावर बोट ठेवून होते. टाकी भरली. मी शेवटचे विचारले. खालून उत्तर आले नाही. मी फळीला कान लावला... आणि मग माग सुरू झाला. खट, खट, खट. नानांनी बोट काढले, बघितले. कोरडे होते.

त्यानंतर आमचे दिवस तसेच गेले. मी शाळेतून यायची, टाकीजवळच्या पाटावर बसायची, चहा घ्यायची, धाकट्या साहेबांच्या फेऱ्या बघायची. मला माशांचे कधीच विशेष नव्हते. नानांना बरे वाटते म्हणून मी बसायची. गेल्या वर्षी कधी तरी आठवड्याच्या घागरी वर चढवताना माझी पाठ धरली, तेव्हा मी सहज म्हटले की ही टाकी खाली उतरवली तर तुम्हाला करमणार नाही का? नानांनी माझ्याकडे बघितले. "मला? मला काय त्या माशाचं... तुझ्यासाठी ठेवलीय की. नुसती खोली असती तर तू आल्या आल्या चुलीपाशी गेली असतीस. ती हाय म्हणून हितं बसतीस तरी. मोहोळ सोडलंस, ते मला ठावं हाय." आम्ही दोघेही हसलो, आणि त्यांना उबळ आली, आणि मी पाठ चोळत राहिले. टाकी उतरवण्याची गोष्ट पुन्हा कुणी काढली नाही. उतरवायची झाली तर आधी रिकामी करावी लागणार होती.

आता मोहोळहून पुन्हा विचारणा आली आहे. यादी तयार आहे. भांडी, पुस्तके, अंथरूण, कुणाला काय द्यायचे, शाळेत कुणाला सांगायचे, सगळ्यापुढे खुणा झाल्या आहेत. जिना मोकळा आहे, वाट मोकळी आहे, मला अडवणारे कुणी नाही. नरसय्या म्हणतात, "बाई, सावकाश करा, मला घाई न्हाय." उत्तराचा कागद मात्र अजून कोराच, टाकीशेजारी पाटावर आहे.

परवा रविवारी मी नेहमीप्रमाणे घागरी वर आणल्या. उन्हाने पाणी कमी झाले होते. धाकटे साहेब तळाशी एका जागी उभे होते. मी हळूहळू पाणी ओतू लागले. खाली माग चालू होता. पाण्याचा आवाज झाला आणि माग थांबला. मी काही विचारले नव्हते. फळ्यांच्या फटीतून नरसय्यांचा आवाज आला.

"न्हाय आलं, बाई."

मी उरलेली घागर ओतली. टाकी काठापर्यंत भरली. मग माग सुरू झाला.