परातीचा कायदा

दुपारचे तीन वाजलेत. दवाखान्याच्या व्हरांड्यातल्या लोखंडी बाकड्यावर मालन बसली आहे आणि तिची मान घडीत भिंतीला टेकते, घडीत छातीवर पडते. झोप म्हणावी, तर ट्रॉलीच्या चाकाची कुईकुई तिला ऐकू येतेय. जाग म्हणावी, तर पापण्या कुणीतरी खळीनं चिकटवल्यासारख्या झाल्यात. एकोणीस दिवस झाले, या बाईनं जमिनीला नीट पाठ लावलेली नाही.

आधी नवरा. आनंदा सकाळी दात घासता घासता मोरीतच कोसळला. उजवा हात, उजवा पाय लाकूड झाला, तोंडातला शब्द गेला. तो वरच्या मजल्यावर, पुरुषांच्या वॉर्डात. चौथ्या दिवशी लेक सारिका सातव्या महिन्यातच बाळंत झाली. ती खालच्या मजल्यावर, आणि तिचं ओंजळीएवढं पोर काचेच्या पेटीत. हे कमी पडलं म्हणून की काय, घरी सासू उंबऱ्यात घसरली आणि खुब्याचं हाड मोडून खाटेला खिळली.

लोक म्हणाले, मालन भारी सोशिक हो! लोकांचं काय जातंय? बाई एकटी ओझं ओढताना दिसली की तिला सोशिक म्हणायचं आणि आपण आपल्या वाटेला लागायचं, ही फार जुनी पळवाट आहे. सख्खा दीर आला, डझनभर केळी ठेवली, "काय लागलं तर सांगा वैनी" म्हणाला, आणि त्यानंतर त्याचा फोनच लागेना.

उभ्या राहिल्या त्या सहा बायका. मालनची टोळी. लग्न असो, जत्रा असो, हजार-दोन हजार माणसांचं जेवण निघालं की भाकऱ्या थापायला बोलावतात ती टोळी. सात चुली, सात पराती, सात बायका. छबू सासूजवळ झोपायला जाते. शमशाद रोज दुपारी येऊन आनंदाला भरवते. बाकीच्या आळीपाळीनं सारिकाचं बघतात, कपडे पिळतात, डबे आणतात. आणि कामावर? कामावर मालनची मोकळी परात रांगेत मांडलेली असते. हा त्यांचा कायदा आहे. जिच्या घरात दुखणं, तिची परात जागेवर मांडायची, आणि बाकीच्यांनी आपल्या भाकऱ्या थापता थापता तिच्या वाटणीच्या तिच्या परातीत टाकायच्या. हूं की चूं करायचं नाही. हा कायदा केला गोदाक्कानं. ती टोळीची मुकादमीण. दोन वर्षांपूर्वी वारली.

सहाजणींना मालनचं सगळं ठाऊक आहे. एक सोडून. मालनच्या डाव्या स्तनात गाठ आहे. चार महिन्यांपूर्वी चिंचोक्याएवढी होती, आता आवळ्याएवढी झालीय. डॉक्टरीणबाईंनी ऑपरेशनची तारीख दोनदा दिली, दोनदा मालन गेली नाही. तिसरी तारीख उद्याची आहे. आज पाचाच्या आत याच दवाखान्यात भरती व्हायचं, नाहीतर पुढचा नंबर कधी लागेल ते देव जाणे. तो कागद तिच्या पोलक्यात घडी होऊन घामानं मऊ पडलाय. पण मालननं ठरवून टाकलंय. तीन दुखणी टोळीच्या गळ्यात घातली, आता चौथं कुठल्या तोंडानं घालायचं? जायचंच नाही.

मान छातीवर पडते. या खेपेला ती वर येत नाही.

ट्रॉली कुईकुई करत पुढून जाते आणि तिच्यावर पिठाची पोती आहेत. मालनला त्यात काही वावगं वाटत नाही. ती उठून पोत्यांच्या मागं चालू लागते. वॉर्डाचं दार ढकलते तर आत मांडवामागची मोकळी जागा आहे. लख्ख ऊन पडलंय. खाटा होत्या तिथं चुली पेटल्यात, सलाइनच्या बाटल्या चिंचेच्या फांद्यांना टांगल्यात, आणि धुराचा नि स्पिरिटचा वास एकमेकांत मिसळून गेलाय.

शेवटच्या चुलीपुढं गोदाक्का बसली आहे. दंडावर तीच हिरवी गोंदणं, कोपरापर्यंत पीठ.

"आलीस व्हय?" ती मान वर न करताच म्हणते. "हात धू. पंगत बसाया लागलीया."

"आक्का, तू तर गेलीस न्हवं?"

"गेले म्हणून काय बसून ऱ्हाऊ? हितंबी खाणारी तोंडं हायेत."

मालन हसते. किती दिवसांनी हसली, तिलाच आठवत नाही. ती शेजारी बसते, आधणाचं पाणी पिठात ओतते, मळते, गोळा करून परातीत थापायला घेते. थप थप थप. दोघींचा ताल आपोआप जुळतो. दोन हजार माणूस उठलं तरी कुणाच्या पुढ्यात गार भाकरी पडली नाही, असा या हातांचा लौकिक आहे. कुणाच्या बापाचं त्यात काही नाही.

"आनंदा कसा हाय?" गोदाक्का विचारते.

"काल शब्द फुटला त्याला."

"काय म्हणला?"

"शिवी दिली. शमशादनं पेज गरमगरम कोंबली तोंडात."

"मंग जगतोय त्यो. आन पोर?"

"उद्या पेटीतनं काढणार हायेत. वरडतंय असं, की नर्सबाई म्हणल्या, हे पुढारी हुणार."

"आन तुझी सासू?"

"छबूला रोज म्हणती, तुझ्यापरास माझी मालन बरी. तीस वर्सांत मला कधी म्हणली न्हाय."

गोदाक्का खदखदून हसते, तव्यावरची भाकरी फुगते, आणि मालनची छाती अभिमानानं भरून येते. खरंच की! तीन तीन माणसं मरणाच्या दारातनं माघारी ओढली. औषधाची एक वेळ चुकली नाही, एक घास उशिरा गेला नाही. कुठल्या मोठ्या घरात एवढं झालं असतं?

मालन टोपल्यातल्या भाकऱ्या घेऊन वाढायला उठते. पंगतीत आनंदा आहे, सारिका आहे, पोर मांडीवर आहे, सासू पाटावर चांगली मांडी घालून बसलीय, मोडका खुबा असूनसुद्धा. मालन वाढत जाते, वाढत जाते. पंगत संपतच नाही. टोकाला पोचते तर तिथं रिकामा पाट आहे. त्याच्यापुढं पान मांडलेलं नाही.

"हितं कोन बसणार हाय?" ती मागं वळून विचारते.

गोदाक्का हातातली एक भाकरी उन्हाकडं धरून बघते आहे.

"ही कुणी थापली?"

मालन बघते. एका अंगाला पातळ, डाव्या अंगाला जाड. फुगलेली नाही. कडेला चीर पडलीय.

"माझी न्हवं," मालन म्हणते.

"मालन."

"डावा हात दुखतोय जरा. बाकड्यावर बसून अवघडलाय."

गोदाक्का भाकरी तिच्या हातात देते. मालनला ती भाकरी ओळखू येते. अशी भाकरी तिनं आधी पाहिलेली आहे. गोदाक्काच्या शेवटच्या वर्षी तिच्या परातीत अशाच भाकऱ्या पडायच्या, डाव्या अंगाला जाड. एका भाकरीवरनं कुणाच्या घरात भांडण झालंय, कुणाच्या अंगात ताप आहे हे ओळखणाऱ्या या बायका. पण तेव्हा साताच्या सात हसल्या होत्या. आक्का म्हातारी झाली, म्हणाल्या होत्या. सगळ्यांत मोठ्यानं मालनच हसली होती. डावा हात उचलत नव्हता म्हणून कड जाड राहत होती. काखेपर्यंत गाठी पसरल्या होत्या, आणि ते टोळीला कळलं, तेव्हा आक्काला रिक्षात उचलून ठेवावं लागलं.

"तू सांगितलं का न्हाईस गं आम्हाला?" मालन विचारते. दोन वर्षं हा प्रश्न तिच्या घशात अडकलाय. आता तो रागानंच बाहेर पडतो. "आम्ही काय मेलो हुतो? माझ्या सारिकाच्या गोवरात तू माझी परात मांडलीस. छबूच्या पोराच्या काविळीत मांडलीस. आन तुझी?"

गोदाक्का चुलीतलं लाकूड आत सारते.

"चुकलं माझं," ती म्हणते.

उभ्या जन्मात या बाईच्या तोंडून हा शब्द कुणी ऐकलेला नाही. सरपंचाशी भांडली, आचाऱ्याशी भांडली, नवऱ्याला तर तिनं भर बाजारात उभा केला होता, पण चुकलं म्हणून कधी म्हणाली नाही.

"कायदा म्या केला," गोदाक्का म्हणते. "आन माझ्यावर वेळ आली तवा म्याच मोडला. मला वाटलं, मुकादमीण मी. म्या वाकून कसं चालंल? त्याला म्या ताठा समजले. ताठा न्हवता त्यो, मालन. भ्या हुतं. त्या न्हाय म्हणतील, ह्येचं भ्या."

"त्या न्हाय म्हणल्या असत्या व्हय?"

"तूच सांग. तुला म्हणतील?"

मालन खाली बघते. आणि पायाखाली आता माती नाही, नदीचा घाट आहे. पाणी संथ आहे. पंगत कुठं गेली, चुली कुठं गेल्या, कळत नाही. गोदाक्का वरच्या पायरीवर बसलीय आणि मालन तिच्या गुडघ्यांत पाठमोरी.

"डोस्कं बघ काय झालंय. घरटं!" गोदाक्काची फणी केसांत शिरते. "एकुनीस दिवस सगळ्यांचं पुसलंस, झाडलंस. आपल्या डोक्याला फणी लावाया तुला जमलं न्हाय."

"हळू गं आक्का! टाळू निघाली."

"निघू दे."

ती गुंते सोडवते. एक एक सोडवते, तोडत नाही. मग बोटानं मधोमध भांग पाडते, केस दोन वाट्यांत करते आणि एका बाजूनं घट्ट विणायला घेते.

"दोन का घालतीस?" मालन विचारते.

"आपरेशनला नेताना दोन घालत्यात. टोपीत नीट बसत्यात."

"तुला काय ठावं?"

"माझ्याबी घातल्या हुत्या. दवाखान्यातल्या मावशीनं. चांगल्या घातल्या हुत्या. उशीर झालेला, एवढंच."

मालनच्या डोळ्यांतलं पाणी नदीत पडतं. गोदाक्का दुसरी वेणी संपवते, टोकाला गाठ मारते आणि ओढून बघते.

"आक्का, मला भ्या वाटतंय."

"वाटू दे की. भिऊन जा. पर जा."

पाणी पायरीवर चढतं. कुईकुई आवाज येतो.

"ए शाळकरणी!"

मालन डोळे उघडते. पुढ्यात शमशाद उभी आहे, एका हातात आनंदाचा रिकामा डबा, दुसऱ्यात चहाचा कागदी कप.

"मघाशी वर जाताना बघितलं तर अंबाडा हुता तुझा, पार झिंज्या झालेला," शमशाद म्हणते. "अर्ध्या तासात कोन आलं वेण्या घालाया? आन आजी झालीस बाई तू! दोन-दोन? शाळंत नाव घातलंस काय?"

मालनचा हात मानेकडं जातो. दोन वेण्या आहेत. अशा घट्ट की कपाळाची कातडी ताणलीय. बोटं टोकापर्यंत जातात. शेवटाला गाठ. केसांत एकसुद्धा गुंता नाही.

ती कितीतरी वेळ ती गाठ चाचपत राहते.

"न्हाय," ती म्हणते. "आपरेशनला."

शमशादचं हसू जागेवर थांबतं. मालन पोलक्यातला कागद काढून तिच्या हातात देते. शमशाद अक्षर अक्षर लावून वाचते. तारीख वाचते, मग मालनच्या छातीकडं बघते, मग पुन्हा कागदाकडं.

"कवापास्नं?"

"चार म्हैने."

"मुडदा बशिवला तुझा!" शमशाद एवढ्यानं ओरडते की समोरचा वॉचमन दचकून उभा राहतो. "चार म्हैने? आन आम्ही रोज तोंड बघतोय तुझं!"

"तीन दुखणी तुमच्या गळ्यात घातली हुती गं. चौथं कुठल्या तोंडानं..."

"गळं सहा हायेत आमचं! मोजाया येतंय न्हवं? चौथं घातलं तरी दोन रिकामं ऱ्हात्यात." शमशाद डोळे पुसते, त्याच पदरानं मालनचेही पुसते, जरा जास्तच जोरात. "चहा पी. ऊठ. पाच वाजायच्या आत पोचायचंय."

पाचाला वीस मिनिटं असताना मालनच्या मनगटाला नावाची पट्टी बांधली जाते. बायकांच्या वॉर्डातली मावशी हिरवा गाऊन घेऊन येते आणि तिला बघून थबकते.

"अगं बया, वेण्या घालूनच आलाय? माझं उद्याचं एक काम वाचलं." ती एक वेणी हातात घेऊन बघते. "कुणी घातल्या हो? हितं एवढ्या घट्ट कुणाला जमत न्हाईत."

"आमच्या मुकादमणीनं," मालन म्हणते.

"मंग त्यास्नी थांबाया सांगा की. उद्या सोबतीला कोनतरी लागंल."

दारात शमशाद उभी आहे. तिच्या मागं धापा टाकत छबू आलीय, आणि छबूच्या मागं, हात अजून पिठानं भरलेले, उरलेल्या चौघी.

मालन ताठ मानेनं त्यांच्याकडं बघते.

"ती येऊन गेली," ती मावशीला सांगते. "आता ह्या थांबणार हायेत."