इथे तुमची जात लागू नाही

आजीनं पाय ओढून घेतला. गुडघा माझ्या हातात होता, अर्धा वाकवलेला. दुखलं म्हणून नाही ओढला. माझं आडनाव ऐकून ओढला.

मी फिजिओथेरपिस्ट. नेपियर टाउनमधल्या एका क्लिनिकतर्फे लोकांच्या घरी जाते. ही आजी जुन्या मराठी घराण्यातली, पिढ्यान् पिढ्या जबलपुरात. पहिल्या दिवशी माझं मराठी ऐकून हरखली होती. "बरं झालं गं, आपल्यातली मिळाली." आठवडाभर नुसते लाड. मग त्या दिवशी म्हणाली, "आडनाव नाही सांगितलं तू."

सांगितलं. या शहरातल्या हिंदी माणसाला माझ्या आडनावातून काही कळत नाही. त्याला ते नुसतं मराठी वाटतं. कळतं ते आपल्या भाषेच्या माणसाला.

"सूनबाई, पाणी तापव. महारणीचा हात लागला पायाला."

सून आली. माझ्याकडे न बघता पलंगावरची चादर ओढली. "दीदी, आधी काहून नाही सांगितलं तुम्ही?" दीदी म्हणत होती, वर.

मी निघाले. जिना उतरले. रडू आलं नाही, किळस आली. त्या पायाची नखंसुद्धा मी कापून दिली होती. तो पाय माझ्यामुळे बाटला.

तक्रार करायची ठरवली. बाबा म्हणाले, "जाऊ दे बेटा. क्लिनिकवाले काढून टाकतील." बाबा नागपूरहून इथं आले, खमरियाच्या फॅक्टरीत लागले. मी तिथल्याच क्वार्टरमध्ये जन्मले. 'जाऊ दे' म्हणत म्हणत त्यांनी सगळी नोकरी काढली. मला ते जमणार नव्हतं.

जातीच्या छळाच्या तक्रारी घेणाऱ्या सरकारी कार्यालयातला बाबू गोड बोलणारा. चहा मागवला. अर्ज वाचला, च् च् केलं. मग माझा जातीचा दाखला बघितला.

"मैडम, ये तो महाराष्ट्र का है. आपकी जाति यहाँ लागू नहीं होती. शिकायत के लिए आप पात्र नहीं हैं."

"मैं यहीं पैदा हुई हूँ."

"दादाजी उन्नीस सौ पचास में यहाँ थे?"

नव्हते. आजोबांनी जबलपूर पाहिलंही नाही. आणि त्या साली घराणं ज्या राज्यात, तिथंच सरकार जात मानतं.

"तो यहाँ मेरी जाति क्या है?"

तो हसला. "यहाँ तो आप जनरल हैं. अच्छा ही है ना."

म्हणजे त्या घरात मी महारीण आणि सरकारच्या टेबलावर जनरल. शिवी खायला माझी जात चालते, शिवीची तक्रार करायला चालत नाही. थू. उरलेला चहा मी बाजूला सारला. त्या आजीपेक्षा मला या हसऱ्या माणसाची जास्त शिसारी आली.

त्यानं अर्ज माझ्याकडे सरकवला. मी तो परत सरकवला.

"लिखकर दीजिए कि मैं पात्र नहीं हूँ."

"लिखकर किसलिए?"

"हाईकोर्ट में लगाना है."

त्याचं हसू गेलं. हायकोर्ट याच शहरात आहे, हे तो विसरला असावा. बराच वेळ इकडे तिकडे फोन केले. मी खुर्चीवरून हलले नाही. शेवटी लिहून दिलं, सही-शिक्क्यासकट.

क्लिनिकनं काढलं तर काढू दे. त्या घरात माझी जात लागू होती की नाही, हे आता आजीला न्यायाधीशासमोर सांगावं लागेल. तिनं मराठीत सांगितलं तरी चालेल. हिंदीत मी करून देईन.