मटारकाकूंचा मुक्काम आमच्या फ्रिजमध्ये

आमच्या फ्रिजमध्ये काय आहे, हे आईपेक्षा मटारकाकूंना जास्त ठाऊक असे. साहजिकच होतं, वरचा बर्फाचा कप्पा त्यांच्याच ताब्यात होता. फ्रिज आमचा, विजेचं बिल आमचं, गारवा तेवढा काकूंचा!

भिलाईच्या सेक्टरमधल्या आमच्या ब्लॉकमध्ये त्या समोरच्या क्वार्टरमध्ये राहत. काकाजी प्लांटमध्ये क्लार्क, मूळचे वर्ध्याकडचे. जानेवारीत मटार मातीमोल झाला, की काकू सुपेल्याच्या बाजारातून पोतंभर उचलत. मग कोणाचीही सुटका नसे. पत्र द्यायला आलेल्या पोस्टमनपुढेही त्यांनी एकदा परात सरकवली होती. "दोन शेंगा सोलल्यानं हात झिजत नाही," असं वर ऐकवलंही. सोललेले दाणे उकळत्या पाण्यातून काढायचे, पंच्यावर सुकवायचे, दुधाच्या धुतलेल्या पिशव्यांत भरायचे आणि पिशवीचं तोंड मेणबत्तीवर चिकटवायचं. स्वतःचा फ्रिज भरला, की उरलेल्या पिशव्या बिनदिक्कत आमच्याकडे येत.

"मे महिन्यात मटाराचा भाव इचारून पाहा," त्या आईला म्हणत, "मंग माही आठवण येईन." आठवण यायला काकू कधी नजरेआड तर व्हायला हव्यात! दिवसातून चार वेळा त्या पिशव्या मोजायला येत. ऐन उन्हाळ्यात आम्हा मुलांना बर्फाचा खडा मिळत नसे. भाड्यापोटी आठवड्याला वाटीभर उसळ मात्र न चुकता येई. त्यांच्या घरी तर पोह्यांत मटार, खिचडीत मटार. एका होळीला कटाच्या आमटीतही चार दाणे सापडले.

काटकसरीचे सल्ले त्या न मागता वाटत. "गावाले जातानी मेन स्विच बंद करून जात जा, भाऊजी. फुकटचं बिल कावून भरता?" बाबांनी आयुष्यात कोणाचं ऐकलं नाही, हे मात्र ऐकलं.

त्या वर्षी काकाजी पावसाळ्यात रिटायर होणार होते. म्हणजे क्वार्टर सोडणं आलं. त्याआधी मुलीचं, सुषमाताईचं, लग्न जुळावं म्हणून काकूंचा जीव टांगणीला लागला होता. शेवटी नागपूरचं स्थळ जमलं आणि मे महिन्यात घरीच साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, ठरलं. चाळीस पानं, मटार-पनीर आणि मटार पुलाव. "पाहुणे म्हणतीन, भर उन्हाळ्यात मटार! पोरीचं घर खातंपितं हाये," काकू आनंदानं सांगत सुटल्या. स्वतःच्या फ्रिजमध्ये आमरस कोंबला असल्यामुळे सगळा मटार आमच्याकडे होता.

आम्ही आठ दिवस चंद्रपूरला जाऊन साक्षगंधाच्या आदल्या दुपारी परतलो. दार उघडलं आणि नाकाला रुमालच लावावा लागला. बाबांनी जाताना मेन स्विच बंद केला होता. 

काकू आल्या. त्यांनी फ्रिज उघडला, एक पिशवी उचलून वास घेतला आणि परत ठेवली. आम्हाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाबा काही बोलायला गेले, तर त्यांनी हातानंच थांबवलं.

"जाऊ द्या, भाऊजी. मीच सांगतलं होतं ना?" मग आईकडे वळून म्हणाल्या, "बेसन किती हाये व तुह्याजवळ?"

दुसऱ्या दिवशी पहाटेपासून आई आणि काकू पाटवड्या थापत होत्या. पंगत बसली. झणझणीत रस्सा पाहुण्यांनी दोनदा मागून घेतला. तेवढ्यात मुलाच्या आई म्हणाल्या, "पाटवडी झक्कास झाली, विहीणबाई. पण तुमचे हे तर मटार-पनीर सांगून राहिले होते?"

काकाजी गोंधळून काकूंकडे पाहू लागले. बाबांनी मान खाली घातली. वाढणाऱ्या आईचा हात तसाच थांबला. आता आमची अब्रू चाळीस माणसांत निघणार, यात मला तिळमात्र शंका नव्हती.

"त्यायचं काय ऐकता!" काकू हसत म्हणाल्या. "आमच्या घरी मटार कोणालेच आवडत नाही."

जन्मभर मी काकूंची टिंगल केली, पण त्या क्षणी उठून त्यांच्या पाया पडावंसं वाटलं. आईनं भर पंगतीत डोळ्यांना पदर लावला.

"रडून कावून राहिली व?" काकू तिच्यावरच खेकसल्या. "वाढ ना! पाहुणे खोळंबले."