पाओचू कुठेच राहत नसे

त्साई पाओचूने सानचोंग शहरात अर्धं आयुष्य काढलं, पण ती कधी कुठे राहिली नाही. निदान चारचौघांत तरी नाही. दिवसभर सलूनमध्ये बायकांची डोकी धुवायची आणि रात्री भाड्याच्या खोलीत पाठ टेकायची. पण प्रत्येक घरमालकाची अट ठरलेली. "राहा खुशाल, पण कुणी विचारलं तर इथे राहते म्हणायचं नाही." कारण भाडेकरू आहे म्हटलं की मालकाला कर आलाच. पालिका भाडेकरूंना मदत द्यायची, तीही मालकाचं नाव सांगितल्यावर. नाव सांगितलं की दुसऱ्या दिवशी तुमची पिशवी जिन्यात.

म्हणून पाओचू एका घरी मालकाची भाची झाली, दुसऱ्या घरी म्हातारीची नर्स. गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत तर ती "झाडांना पाणी घालायला आलेली" होती. पालिकेचे साहेब तपासाला आले की ती झारी घेऊन उभी राही. एकदा धो धो पावसातही तिने इमानेइतबारे पाणी घातलं.

आणि एक दिवस पालिकेच्या स्वस्त घरांच्या सोडतीत तिचा नंबर लागला. नववा मजला, खरीखुरी खिडकी. तिला रडूच फुटलं. फक्त ताबा सातव्या महिन्यात घ्यायचा होता.

"सातव्या महिन्यात घर?" तिचा नवरा थिएनफू ओरडला. "भाऊलोक मोकळे सुटलेत, आणि तू बिऱ्हाड हलवतेस? डोकं फिरलंय का तुझं?"

सातव्या महिन्यात भुतं मोकळी फिरतात आणि घर बदलणाऱ्यांच्या मागोमाग आत शिरतात, म्हणून तेव्हा त्यांना कुणी भूत म्हणत नाही. भाऊलोक म्हणायचं, मानाने. पण ताबा नाकारला तर घर पुढच्या नंबराला जाणार. शेवटी देवळातल्या म्हाताऱ्याने तोड काढली. सामान थोडं थोडं न्या, गाठोडी सोडू नका, आणि दारात मोठ्याने सांगा की आम्ही पाहुणे आहोत. तांदळाचा डबा तेवढा आठव्या महिन्यात न्या. डबा आला की गृहप्रवेश झाला.

मग काय, डबा सलूनमध्ये राहिला आणि दोघं स्वतःच्याच घरी पाहुणी म्हणून जाऊ लागली. थिएनफू रोज दारात हाक मारी, "कोणी आहे का घरात? आम्ही जरा टेकायला आलोय!" मग खुर्चीच्या कडेवर बसे. फ्रिज उघडायच्या आधी फ्रिजची परवानगी मागे.

अशात एका सकाळी पालिकेची तपासनीस आली, येह नावाची तरुण बाई. लोक सोडतीची घरं परस्पर भाड्याने देतात, म्हणून जो स्वतः राहत नाही त्याचं घर पालिका काढून घेई. तिने बांधलेली गाठोडी पाहिली, बूट घालून बसलेला नवरा पाहिला.

"मावशी, तुम्ही इथे राहता ना?"

"मी? छे हो!" पाओचूच्या तोंडून सवयीने निघून गेलं. "मी झाडांना पाणी घालायला आले."

येहने चौफेर पाहिलं. घरात झाड सोडाच, पालेभाजीची जुडीसुद्धा नव्हती.

"आम्ही निघालोच होतो," थिएनफूने भर घातली. "घरातली माणसं पुढच्या महिन्यात यायचीयत."

येहच्या डोक्यात प्रकाश पडला. ती जवळ येऊन कुजबुजली, "मावशी, महिना कोणता ते मलाही कळतं. माझी आई मला या महिन्यात केस कापू देत नाही. पण तुमच्या तोंडून ऐकल्याशिवाय मला 'राहतात' असं लिहिता येत नाही. नाही तर घर जाईल."

"हळूच सांगितलं तर?" थिएनफू म्हणाला. "भाऊलोकांचे कान भारी तिखट असतात हो."

पाओचूने तोंड उघडलं. हे वाक्य तिने आजवर उच्चारलंच नव्हतं. इतक्या खोल्या झाडल्या, इतक्या छतांखाली आजारपणं काढली, पण तोंडाने मात्र सगळ्या नाकारल्या. तिला एकदम सगळ्यांचा राग आला, मालकांचा, झारीचा, भाऊलोकांचाही.

"मी इथे राहते!" ती इतक्या जोरात ओरडली, की समोरचं दार उघडलं. "राहते! मी इथेच राहते!"

येह लिफ्टपर्यंत पोचली तरी पाओचू समोरच्या बाईला तेच सांगत होती. थिएनफूने घाईघाईने खिडकीत उदबत्ती लावली. "भाऊलोक, मनावर घेऊ नका," तो हात जोडून पुटपुटला. "बाईमाणूस तापट आहे."

त्याच संध्याकाळी पाओचू सलूनमधून तांदळाचा डबा घेऊन निघाली. बसमध्ये तो मांडीवर धरून बसली आणि सरळ आणून स्वयंपाकघरात ठेवला. आठव्या महिन्याची वाट कोण बघतंय?

थोड्या वेळाने कामावरून थिएनफू आला आणि रोजच्यासारखा दारात थबकला.

"कोणी आहे का घरात?"

"आहे," आतून पाओचू म्हणाली. "बूट काढ आणि आत ये."