करंगळीचा आउट
मिस्त्री सरळ बोलला तर दुकान बंद पडेल, असं त्याची बायकोच म्हणायची. पण सायकलच्या चाकाचा आउट, म्हणजे लचक, काढण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. चाक धरणाऱ्या चिमट्यावर करंगळी टेकवायची, चाक फिरवायचं. रिम बोटाला चाटून गेली की तिथल्या तारा आवळायच्या. बाकी हत्यारं म्हणे नवशिक्यांसाठी.

मेव्हण्याने लांब पल्ल्यासाठी पडून चालवायची सायकल आणली, पाठीला खुर्ची आणि पाय पुढे. मिस्त्रीच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"ही सायकल आहे की बाळंतिणीची खाट?"

"भावोजी, तुमच्या वाकड्या हँडलवर सगळा भार तळहातावर येतो. दोनशे किलोमीटरमध्ये बोटं मरतात."

"मरू देत! खाटेवरच्या माणसाच्या मागे मी राहणार नाही."

रविवारी दोघे दोनशे किलोमीटरला निघाले. चढावर मेव्हण्याचा दम निघाला आणि मिस्त्रीने वळून वळून यथेच्छ टोमणे मारले. शंभर किलोमीटरनंतर मिस्त्रीच्या हातांना मुंग्या आल्या. "पकड बदला! जरा सरळ बसा!" मेव्हणा मागून ओरडला. त्याचं ऐकेल तो मिस्त्री कसला? मुठी आणखी आवळल्या, तासभर आधी पोचला आणि ज्याला त्याला ते सांगत सुटला. शर्टाची बटणं आता बायको लावते, हे मात्र कोणाला सांगितलं नाही.

आठवड्यात तीन चाकं परत आली, ब्रेकला घासणारी. मिस्त्री गिऱ्हाइकांवरच डाफरला, "खड्डे बघून चालवा की!" चौथं चाक खुद्द मेव्हण्याचं. बहिणीने गळ घातली म्हणून त्याने ते इथे दिलं होतं.

मेव्हण्याने ते सायकलला लावून फिरवलं. चाक डोळ्यांदेखत लचकत होतं. मिस्त्री करंगळी टेकवून म्हणाला, "साफ आहे. कुठंय आउट?"

मेव्हण्याने त्याचा हात धरला. "करंगळी दाबून बघू?"

"दाब ना! तुझ्या बापाला घाबरतो की काय!" त्याचं तोंड नको दिसायला म्हणून मिस्त्रीने रस्त्याकडे मान फिरवली. थोडं थांबला. मग खेकसला, "दाब की! मुहूर्त बघतोयस का?"

"भावोजी," मेव्हणा हळूच म्हणाला, "कधीचा दाबतोय."