लाईन आधी कोणी तोडली?

नेट बंद पडलं की माणूस तक्रार कमी आणि घरचं रामायण जास्त सांगतो. जळगावात आमचं इंटरनेट जोडण्या देणारं छोटं ऑफिस आहे, त्यामुळे असली रामायणं आमच्याकडे रोज साठतात. आम्ही तिघं. मी कॉम्प्युटरवर, नाना खांबावर आणि ज्योती फोनवर.

पूर्वी सगळ्या रोगांवर आमचं एकच औषध होतं, "बंद करून चालू करा!" मग मालकांनी एक सॉफ्टवेअर आणलं. गिऱ्हाइकाला विचारून त्याच्या लाईनवरची डेटाची ये-जा थोडा वेळ टिपायची आणि सॉफ्टवेअरला द्यायची. दोष कुणाचा ते लगेच दोन ओळींत हजर! आत काय बोलणं झालं ते त्याला कळत नाही. कोणी विचारलं, कोणी उत्तर दिलं, आधी कोणी तोडलं, एवढंच कळतं. नानांनी त्याचं नाव ठेवलं 'पंच'. पंचाचा निकाल वाचून दाखवायचं काम ज्योतीचं, आणि ती त्यातलं अक्षरही गाळत नसे.

ही ज्योती एरंडोलजवळच्या खेड्यातून एसटीने अप-डाऊन करायची. त्या दिवसांत तिचं लग्न जवळजवळ ठरलं होतं. मुलगा पुण्याचा, तिच्या वडिलांना फार पसंत. मुलाचं म्हणणं एवढंच की लग्नानंतर नोकरी कशाला! दर रविवारी तो व्हिडीओ कॉल करायचा आणि कॉल दोन-तीनदा मध्येच तुटायचा. सोमवारी आम्ही तिला छळायचो, "नेटवालीच्याच घरी नेट नाही!"

*

रावेरच्या एका केळीवाल्या शेठजींची तक्रार होती, "ट्रक आला की नेट जातं." नाना दोनदा जाऊन केबल बदलून आले, तरी तेच. शेवटी पंचाला विचारलं. तो म्हणाला, "राउटरकडे द्यायला पत्ते शिल्लक नाहीत."

झालं होतं असं, की वायफायचा पासवर्ड पॅकिंगच्या शेडमध्ये भिंतीवर खडूने लिहिलेला. ट्रक आला की ड्रायव्हर, क्लीनर, हमाल, सगळ्यांचे मोबाईल त्याला चिकटायचे. नेटवर यायला प्रत्येक मोबाईलला एक पत्ता लागतो, तो वाटून वाटून राउटर थकायचा.

ज्योतीने निकाल वाचला, तर शेठजी भडकले. "अहो ताई, एवढे ट्रक भरून गेले, माझी केळी संपली नाहीत. तुमचे पत्ते कसे संपले?"

*

यावलला दोन भावांचं एक दुकान. भांडण झालं, मध्ये भिंत आली. पण एकाचं नेट चालू झालं की दुसऱ्याचं बंद! पंचाने निकाल दिला, "एकाच पत्त्यावर दोघे हक्क सांगत आहेत."

नाना म्हणाले, "याला मशीन कशाला पाहिजे? अख्ख्या यावलला माहीत आहे!"

*

धुळ्याच्या एका क्लासमध्ये वेबसाईट उघडेनात. ज्योतीने वाचून दाखवलं, "सर, प्रश्न वारंवार विचारला गेला, समोरून उत्तर आलं नाही."

सर गंभीरपणे म्हणाले, "मॅडम, ते झालं माझ्या वर्गाचं. नेटचं काय?"

*

एकदा आमच्याच ऑफिसचं नेट रांगायला लागलं. पंच म्हणाला, "सर्व भार एकाच मोबाईलचा आहे." मोबाईल नानांचा! नातवाच्या जावळाचे सगळे व्हिडीओ ते नातेवाइकांना पाठवत होते. मालक समोर बसलेले. मी ज्योतीला डोळ्यांनी खुणावलं, पण तिने खणखणीत आवाजात निकाल वाचला.

नाना रुसले. "अगं, म्हाताऱ्या माणसाला सांभाळून घ्यायचं!"

"नाना, पंचाला काका-मामा नसतात."

*

मग एका सोमवारी ज्योतीचे वडील स्वतःच ऑफिसात आले. आबा म्हणजे पांढरी टोपी, खणखणीत आवाज आणि बगलेत टॉवेलात गुंडाळलेला राउटर. "हाऊ बदली द्या," तो टेबलावर ठेवत ते अहिराणीत म्हणाले. "पाव्हना बोलाले लागना का बंद पडस. चांगलं स्थळ हातनं जाई!"

त्यांनीच आदल्या आठवड्यात फोन करून लाईन तपासायला सांगितलं होतं, म्हणून रविवारी मी त्यांची लाईन टिपून ठेवली होती. पंचाला दिली. स्क्रीनवर निकाल आला, मी तो वाचला. मी स्क्रीन वळवणार, तेवढ्यात आबा म्हणाले, "ज्योती, तूच वाच. तू बठ्ठा गिऱ्हाइकसले वाची दखाडस ना?"

ज्योती उठली. ओढणी सारखी केली आणि नेहमीच्याच आवाजात वाचलं, "लाईन ठीक आहे. प्रत्येक वेळी कॉल घरच्या बाजूने बंद करण्यात आला."

नाना खिडकीबाहेरचा खांब बघू लागले. मला राहवलं नाही. "आबा, मशीनच आहे, चुकतं कधी कधी."

"नाही चुकत," ज्योती म्हणाली. मग वडिलांकडे वळली. "आबा, लाईन चांगली शे. नोकरी सोडानी गोष्ट निंघनी का कॉल मीच कापस."

आबा तिच्याकडे बघत राहिले. मग तिच्या टेबलावरच्या फोनकडे, हेडफोनकडे बघितलं. त्यांनी राउटर उचलला, पुन्हा टॉवेलात नीट गुंडाळला आणि बगलेत मारला.

दारात थांबून नानांना म्हणाले, "राउटर ऱ्हाऊ द्या, भाऊ. स्थळच बदली टाकसू."