मोटरीसमोरची फळी

मित्रहो, दुपारपासून घास उतरला नाही, म्हणून इथं लिहून राहिलो.

सकाळी पवनीला भाच्याच्या धान गिरणीत गेलो होतो. मोटरचा वेग कमीजास्त करणारा नवीन ड्राइव्ह बसवला, म्हणून त्यानं तपासायला बोलावलं. मोटरीच्या अंगाला टेस्टर लावला, तर लागला ना दिवा! अर्थिंगची तार काढून, गुंडाळून ठेवलेली.

"काहून काढली रे?"

"मामाजी, तार जोडली का ब्रेकर पडते. ड्राइव्हवाली मोटर थोडी झिणझिणतेच. आम्ही फळीवर उभे राहतो ना!"

मोटरीसमोर सागाची फळी होती. तिच्यावर दसऱ्याचं हळदकुंकू.

ऐंशीच्या दशकात दिघोरीच्या गिरणीत माझा मोठा भाऊ अशाच फळीवर उभा राहायचा. तीही दसऱ्याला पुजली जायची. तिथं फ्यूज उडतो म्हणून तार काढली होती. एका पावसाळ्यात फळी भिजली, आणि भाऊ मोटरीला चिकटला तो गेलाच.

"तुझा मोठा मामा असाच गेला," मी भाच्याला सगळं सांगितलं. ड्राइव्हला चालणारा ब्रेकर आण, पण तार जोड, म्हणून हात जोडले. त्याचे डोळे भरून आले. मला वाटलं, समजलं.

निघताना मागं वळून पाहिलं. गिरणी थांबवली होती. तार तशीच गुंडाळलेली. भाचा अन् त्याचा माणूस ती फळी उन्हात वाळत घालत होते.

सांगा मले, माझ्या भावाच्या मरणातून आपण एवढंच शिकलो का?